सागाचे वन आणि वनाचे विज्ञान : ‘धिस फिशर्ड लँड’ या ग्रंथाची एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतातील पर्यावरणीय इतिहासलेखनाचा विचार करताना माधव गाडगीळ व रामचंद्र गुहा यांच्या ‘धिस फिशर्ड लँड’ (1992) या ग्रंथाला टाळून पुढे जाता येत नाही. एक परिसरशास्त्रज्ञ आणि एक इतिहासकार यांनी मिळून सिद्ध केलेला हा ग्रंथ इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या विषयांच्या अध्यापकांना समान भूमीवर आणतो. वासाहतिक राजवटीने वैज्ञानिक वनशास्त्राच्या नावाखाली ग्रामसमाजांचे वनावरील हक्क हिरावून घेतले, हे त्यातील मध्यवर्ती प्रतिपादन होय. ते खोडून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या वृक्षाभोवती हे वनशास्त्र सुरुवातीला उभे राहिले त्या सागाविषयीच्या संशोधनाच्या प्रकाशात, ‘वैज्ञानिक’ हे विशेषण ग्रंथात पुरेसे तपासले गेले आहे काय, एवढाच प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

ग्रंथाचे सामर्थ्य

ग्रंथाच्या तीन भागांपैकी तिसरा भाग वासाहतिक व स्वातंत्र्योत्तर वनव्यवस्थेला वाहिलेला आहे. 1878 च्या वन कायद्यापूर्वी झालेल्या वादाचे त्यातील विवेचन आजही अनुकरणीय वाटते. वनावर शासनाची निरपवाद मालकी असावी असे मानणारे बेडन-पॉवेल, ग्रामवनांनाही स्थान असावे असे सुचविणारे डिट्रिच ब्रँडिस आणि रयतेच्या परंपरागत हक्कांची बाजू घेणारे मद्रास प्रांतातील अधिकारी, असे तीन पक्ष लेखकद्वयाने वेगळे करून दाखविले आहेत. त्यामुळे वासाहतिक शासन ही एकजिनसी वस्तू नव्हती हे वाचकाच्या ध्यानात येते.

मात्र कायद्याच्या बाबतीत दाखविलेला हा साक्षेप विज्ञानाच्या बाबतीत तितकासा आढळत नाही. दुसऱ्या भागात जातिव्यवस्थेचे विवेचन करताना परिसरशास्त्रीय संकल्पना मोकळेपणाने वापरल्या आहेत. तिसऱ्या भागात मात्र सत्ता, महसूल आणि संघर्ष यांचीच भाषा प्रबळ होते. परिसरशास्त्रज्ञाची दृष्टी आणि इतिहासकाराची दृष्टी येथे शेजारी शेजारी नांदतात, परंतु एकमेकींना फारसे प्रश्न विचारीत नाहीत, असे आमचे मत आहे.

सागाची साक्ष

मलबारचे जिल्हाधिकारी कॉनोली यांच्या पुढाकाराने 1840 च्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड सुरू झाली. 1856 मध्ये ब्रँडिस यांच्याकडे ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवनांची व्यवस्था आली. वनातून ठरावीक रेषांनी जाऊन सागाच्या झाडांची घेरानुसार गणना करावयाची आणि त्यावरून तोडीचे प्रमाण निश्चित करावयाचे, ही त्यांची पद्धती. 1864 मध्ये ते भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. येथवरचा वृत्तान्त सत्ता आणि गणित यांच्या संयोगाचा आहे.

परंतु त्याच ब्रह्मदेशात ‘टौंग्या’ पद्धती आकारास आली. डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या करेन शेतकऱ्यांनी पिकाबरोबरच साग लावावा, तो जोपासावा आणि पुढे ती जमीन सोडून द्यावी, असे तिचे स्वरूप होते. ज्या फिरत्या शेतीला वनखात्याने अन्यत्र वनविध्वंसक ठरविले, तिच्याच आधाराने सागवनांची वाढ करण्यात आली. आगीच्या बाबतीतही असेच घडले. वणव्यापासून संपूर्ण संरक्षण दिल्यास सागाचे नैसर्गिक पुनरुत्पादन खुंटते, हा आक्षेप ब्रह्मदेशातील काही वनाधिकाऱ्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घेतला. साग हा प्रकाशप्रिय वृक्ष असल्याने दाट झालेल्या झाडोऱ्यात त्याची रोपे तग धरीत नाहीत. याचा अर्थ असा, की वनशास्त्रात निरीक्षणाची आणि आत्मपरीक्षणाची शक्ती होती. उणीव होती ती प्रश्नाच्या व्याप्तीची. विचारला जाणारा प्रश्न मुख्यतः इमारती लाकडाच्या उत्पादनाचा होता. त्यामुळे सागाबरोबर वाढणारे ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू हे दुय्यम ठरले.

प्रश्न बदलला की तोच वृक्ष वेगळे उत्तर देतो. उष्ण कटिबंधातील अनेक वृक्षांत वार्षिक वलये स्पष्ट नसतात; सागात ती असतात. बर्लागे यांनी 1931 मध्ये जावातील सागाच्या वलयांची 1514 पासूनची मालिका प्रसिद्ध केली. 1983 मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील पंत व बोरगावकर यांनी ठाणे परिसरातील सागाच्या वलयांचा प्रादेशिक हवामानाशी असलेला संबंध अभ्यासला. येथे साग हा घनफुटांत मोजावयाचा माल राहत नाही, तो पावसाचा दप्तरदार होतो. तसेच सागाच्या रुंद पानांवरून ओघळणारे मोठे थेंब, खाली झुडपे व पालापाचोळा नसल्यास, मातीची धूप वाढवितात, हेही संशोधनातून पुढे आले आहे. म्हणजे मिश्रवनातील साग आणि केवळ सागाची लागवड या परिसरशास्त्राच्या दृष्टीने भिन्न वस्तू आहेत. तत्कालीन बिहारमधील सिंहभूम जिल्ह्यात 1978 च्या सुमारास सालवनाच्या जागी साग लावण्यास आदिवासींनी जो विरोध केला, त्यामागे हाच भेद होता. फळे, बिया व पाने देणारा साल जाऊन त्याच्या जागी त्यांना निरुपयोगी असा साग येत होता. त्यांचा विरोध हक्कासाठी होता, तसाच तो ज्ञानाधिष्ठितही होता.

समारोप

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर वा त्याहून अधिक क्षेत्रावर किमान 10 टक्के वृक्षच्छत्र असल्यास, जाती व मालकी कोणतीही असो, ते वनाच्छादन गणले जाते. या गणनेत गडचिरोलीचे मिश्र पानझडी वन आणि एकजातीय लागवड यांतील भेद पुसला जातो. घेर मोजणारी जुनी दृष्टीच येथे छत्र मोजू लागली आहे, असे म्हणता येईल. उलटपक्षी 2006 च्या वनाधिकार कायद्यान्वये 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळविणाऱ्या मेंढा (लेखा) या गावाने, वन कशासाठी हा प्रश्न ग्रामसभेतही विचारला जाऊ शकतो हे दाखवून दिले.

‘धिस फिशर्ड लँड’ वाचून विज्ञान हा सत्तेचा केवळ मुखवटा होता असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढला, तर एकजातीय लागवडीला विरोध करण्याचे प्रभावी साधनच त्यांच्या हातून निसटेल. म्हणून हा ग्रंथ इतिहासाच्या वर्गात शिकविताना वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यालाही पाचारण करावे, आणि वन कोणाचे या प्रश्नाबरोबरच वन म्हणजे काय हा प्रश्नही त्याच तासाला विचारावा, असे आम्हांस वाटते.