मानपत्रातील स्त्री

गौरवपर लेखनाला आपल्याकडे साहित्यप्रकाराचा दर्जा सहसा दिला जात नाही. तथापि सामान्य कुटुंबाच्या वाट्याला येणारे साहित्य बहुधा हेच असते. ज्या घरात एकही कादंबरी नाही, त्या घराच्या भिंतीवर आजोबांचे मानपत्र चौकटीत लावलेले आढळते, आणि आजीच्या निधनानंतर छापलेला मृत्युलेख प्रार्थनापुस्तकाच्या पानांत जपून ठेवलेला असतो. कुटुंबाची पुढची पिढी आपल्या माणसांना याच मजकुरातून ओळखते. म्हणून या लेखनाची चिकित्सा कथा-कवितेच्या समीक्षेइतकीच अगत्याची आहे, असे आम्हांस वाटते.

आटपाडी तालुक्याला शब्दांचे वावडे कधीच नव्हते. ग. दि. माडगूळकर याच तालुक्यातील शेटफळे गावी जन्मले. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ आणि शंकरराव खरातांचे आटपाडी ही गावे मराठी वाचकाला पुस्तकांमुळे ठाऊक झाली. अशा या मुलखात शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांचे समारंभ वर्षभर चालू असतात. शिक्षक निवृत्त होतात, परिचारिकेची सेवा पूर्ण होते, एखादी भगिनी सरपंच होते. मानपत्राची भाषाही बहुधा घोटीव असते. मात्र सत्कारमूर्ती पुरुष असला की लेखणी 'शिस्तप्रिय', 'कर्तव्यकठोर', 'अभ्यासू' अशा शब्दांकडे वळते. आणि सत्कारमूर्ती स्त्री असली की तीच लेखणी 'सुस्वरूप', 'प्रसन्नवदना', 'आजही तितक्याच देखण्या' अशा शब्दांशी घुटमळते. ही स्थिती एकट्या आटपाडीची नाही. अवघ्या महाराष्ट्राची आहे, आणि आपल्या धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिकाही तिला अपवाद नाहीत.

ही स्तुती स्त्रीचा उपमर्द करते काय? अनेक सज्जन वाचक म्हणतील, 'यात वावगे ते काय? सौंदर्य ही परमेश्वराचीच देणगी. तिचा गौरव करण्यात पाप कसले?' हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आमचे म्हणणे असे, की रूपाचा उल्लेख हा स्वभावतः दोष नव्हे. परंतु जाहीर गौरव म्हणजे समाजाने एखाद्या जीवनाचे केलेले मोजमाप होय. त्या मोजमापात कर्तृत्वाच्या जागी रूप येऊन बसले, तर मापच खोटे ठरते. आणि ते माप केवळ स्त्रीलाच लावले, तर तो अन्यायही ठरतो.

येथे व्यक्तिचित्र आणि मानपत्र यांतील भेद ध्यानी घ्यावा. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या 'माणदेशी माणसं' या संग्रहाने व्यक्तिचित्राला मराठीत मानाचे स्थान मिळवून दिले. व्यक्तिचित्रात माणसाचा चेहरा, चालणे, अंगावरचे कपडे हे सारे येते, कारण लेखकाला त्या वाटेने माणसाच्या अंतरंगात जायचे असते. तेथे रूप गुण म्हणून मोजले जात नाही. मानपत्र हे चित्र नसते, तो निवाडा असतो. त्यात लिहिलेला प्रत्येक शब्द गुणांच्या बेरजेत जमा होतो. तद्वत कलावंताचेही आहे. स्मिता पाटील १९८६ साली अवघ्या ३१ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्या डोळ्यांविषयी समीक्षकाने लिहिले, तर ते त्यांच्या कलेविषयीच लिहिणे होय, कारण अभिनेत्रीचा चेहरा हे तिचे साधन असते. परंतु 'सावळ्या असूनही' असे कुणी लिहिले, की समीक्षा संपली आणि बाजार सुरू झाला असे समजावे.

या 'असूनही'चा थोडा विचार करू. २०१५ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील कादंबरीकार कोलीन मॅक्कलो यांचे निधन झाले. जगभर वाचल्या गेलेल्या कादंबरीच्या या लेखिकेने त्यापूर्वी अमेरिकेतील येल विद्यापीठात मज्जाशास्त्राच्या क्षेत्रात काम केले होते. त्यांच्याच देशातील एका मोठ्या दैनिकाने मृत्युलेखात आरंभीच असा आशय मांडला, की त्या दिसायला साधारण आणि अंगाने स्थूल होत्या, तरीही त्यांच्या ठायी विनोदबुद्धी आणि जिव्हाळा होता. जगभरातील वाचक संतापले, ते योग्यच झाले. त्या 'तरीही'चा अर्थ असा होतो, की बुद्धी आणि प्रेमळपणा हे रूपवतीचे सहज हक्क असून कुरूपेच्या बाबतीत ती नवलाची गोष्ट आहे. मृत पुरुष साहित्यिकाच्या पोटाचा घेर त्याच्या प्रतिभेशी असा जोडलेला सहसा पाहावयास मिळत नाही.

हेतू चांगला असला म्हणजे भागते, असेही नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांनी एका निधिसंकलन समारंभात कॅलिफोर्निया राज्याच्या तत्कालीन ॲटर्नी जनरल कमला हॅरिस यांचा गौरव केला. त्या बुद्धिमान आहेत, निष्ठावान आहेत, कणखर आहेत, असे त्यांनी आधी सांगितले. आणि पुढे, देशातील सर्व ॲटर्नी जनरलांत त्या दिसायलाही सर्वांत सुंदर आहेत, अशी पुस्ती जोडली. दोघांचा जुना स्नेह होता. द्वेषाचा लवलेशही नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी गाजले ते शेवटचेच वाक्य. बुद्धी, निष्ठा, कणखरपणा हे तिन्ही शब्द त्याखाली झाकून गेले. ओबामांनी हॅरिस यांना दूरध्वनी करून दिलगिरी व्यक्त केली. रूपाची स्तुती बाकीच्या स्तुतीत मिसळून राहत नाही, ती तिला गिळते, हे या प्रसंगावरून दिसते.

आपल्या वाचकांना यावर पवित्र शास्त्राचे मत जाणून घ्यावेसे वाटेल. बायबल सौंदर्याला भीत नाही. गीतरत्न हे पुस्तक प्रेयसीच्या रूपाने ओसंडून वाहते. पण तो दोन जिवांचा संवाद आहे, सभेतील भाषण नव्हे. आमच्या विषयाला अधिक जवळचे आहे ते यूदिथचे पुस्तक. यूदिथ विधवा होती, अत्यंत रूपवती होती, आणि तिच्या रूपाचाच उपयोग शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याच्या नाशासाठी झाला. म्हणजे येथे रूप प्रस्तुत आहे. ते वगळून कथाच सांगता येत नाही. तरी कोण काय बोलतो ते पाहा. होलोफर्नेसच्या छावणीतील लोक तिच्या रूपाची तोंड भरून वाखाणणी करतात. बेथूलियाचे वडीलही वेशीपाशी तिला पाहून थक्क होतात. परंतु त्यांच्या मुखातून जे शब्द निघतात ते आशीर्वादाचे असतात. आणि विजयानंतर प्रमुख याजक व वडीलजन यरुशलेमहून येऊन तिचा जाहीर गौरव करतात, तेव्हा तिला यरुशलेमचे वैभव व इस्राएलचा अभिमान म्हणतात आणि तिने स्वतःच्या हाताने केलेल्या कार्याचा उच्चार करतात. रूपाविषयी एक अक्षरही नाही. पुढे स्तुतिगीतात ती स्वतःच आपल्या रूपाचा उल्लेख करते, आणि तो हक्क तिचाच आहे. मानपत्र लिहिणाराने हा अध्याय एकवार अवश्य वाचावा.

नव्या करारात याहून थेट प्रसंग आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात गर्दीतील एक स्त्री मोठ्याने प्रभू येशूच्या मातेचा गौरव करते. तिने ज्या उदराची आणि ज्या स्तनांची धन्यता गायिली, ती मरियेच्या शरीराची धन्यता होती. प्रभू तिचा धिक्कार करीत नाही. पण देवाचे वचन ऐकून पाळणारे अधिक धन्य, असे सांगून तो गौरवाची दिशा बदलतो. पवित्र मरियेची थोरवी याने उणावत नाही, कारण वचन ऐकून पाळणाऱ्यांत ती अग्रभागी आहे. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी २९ जून १९९५ रोजी जगातील स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात हीच वेदना व्यक्त केली होती, की स्त्रीचे मोल तिच्या कौशल्यापेक्षा आणि बुद्धीपेक्षा तिच्या बाह्यरूपावरून ठरविले गेले आणि जाते.

असे असता आपल्याच पानांत, एखाद्या धर्मभगिनीच्या रौप्यमहोत्सवी गौरवात, 'इतक्या सुंदर असूनही त्यांनी संन्यस्त जीवन पत्करले' अशा धाटणीचे वाक्य येते, ते मनाला बोचते. लिहिणाराला त्याग मोठा करून दाखवायचा असतो. प्रत्यक्षात तो नकळत असे सुचवितो, की देवाच्या वाट्याला एरवी लग्नाच्या बाजारात न खपलेल्या मुली येतात. चाळीस वर्षे दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या भगिनीच्या व्रताची ही किंमत!

आणि सभामंडपात बसलेल्या मुलींचे काय? दाखवण्याच्या कार्यक्रमात रंगावरून नकार मिळालेली एखादी मुलगी तेथे असते. चर्चमधील दफनविधीत, शाळेच्या समारंभात, मंडळाच्या सभेत ती ऐकते, की मोठी झालेली स्त्री सुद्धा शेवटी 'गोरीपान' आणि 'हसतमुख' म्हणूनच स्मरली जाते. तिच्या मनावर जे कोरले जाते ते आमच्या दहा प्रवचनांनी पुसले जात नाही.

चांगल्या गौरवाची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. आटपाडीला लागून असलेल्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. १९८४ च्या पी. टी. उषा यांच्यानंतर धावण्याच्या वैयक्तिक प्रकारात अंतिम फेरीत पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. लोकांनी त्यांना नाव दिले 'माणदेशी एक्स्प्रेस'. या दोन शब्दांत त्यांची भूमी आहे आणि त्यांचा वेग आहे. मानपत्राला आणखी काय हवे? सातारा जिल्ह्यातीलच नायगावच्या सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता गेल्या. त्या दिसायला कशा होत्या, असे त्यांच्या जयंतीला कुणी विचारीत नाही.

आमची विनंती एवढीच. स्त्रीविषयी गौरवाचे वाक्य लिहून झाल्यावर तेथे एखाद्या पुरुषाचे नाव घालून ते मोठ्याने वाचावे. ते हास्यास्पद वाटले तर खोडावे, आणि त्या जागी तिने काय केले, किती वर्षे केले, कोणासाठी केले, हे लिहावे. यासाठी तिच्या मुलांना, शेजाऱ्यांना, विद्यार्थ्यांना विचारावे लागेल. थोडे श्रम पडतील. विशेषणे सहज मिळतात, हकिकती शोधाव्या लागतात. चेहऱ्याची चिंता लेखकाने करू नये. मजकुराशेजारी तिचे छायाचित्र बहुधा छापलेलेच असते.