'श्रेष्ठतम' आणि अक्षरसीमा

'श्रेष्ठतम' हा प्रयोग अशुद्ध ठरविताना शुद्धिवादी एकच युक्तिवाद करतात : 'श्रेष्ठ' मुळातच तमभाववाचक असल्याने त्यावर 'तम' लावणे ही द्विरुक्ती होय. यात व्युत्पत्ती सांगितली जाते. मराठी भाषकाला त्या शब्दात प्रत्यय जाणवतो काय, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

पाणिनीने 'तमप्' आणि 'इष्ठन्' हे प्रत्यय एकाच सूत्रात (५.३.५५) सांगितले; मराठीत मात्र त्यांची गती निराळी झाली. याचे कारण प्रथमदर्शनी अक्षरविभाजनात दिसते. 'सुंदरतम' उच्चारात सुन्-दर्-तम् असा तुटतो. प्रकृती संपते तेथेच अक्षर संपते. 'इष्ठ' स्वरादी असल्याने 'गरिष्ठ' हा ग-रिष्ठ् असा विभागतो व प्रकृतीतील 'र्' प्रत्ययाच्या अक्षरात ओढला जातो. सांधा बुजतो, मराठीत 'गरिष्ठ' म्हणजे पचावयास जड, इतकेच उरते.

परंतु एवढ्यावर थांबणे घाईचे होईल. इटालियनमधील 'बेल्लिस्सिमो'ची घडण बेल्ल्-इस्सिम्-ओ अशी आणि उच्चार बेल्-लिस्-सि-मो असा आहे. सीमा जुळत नाहीत, तरी प्रत्यय प्रत्येकास ओळखू येतो, कारण 'बेल्लो' शेजारीच नांदतो. उलट 'उत्तम' उत्-तम असा नेमक्या सांध्यावर तुटूनही आपण 'सर्वांत उत्तम' बिनदिक्कत म्हणतो. तेव्हा निर्णायक गोष्ट प्रकृतीचे स्वतंत्र अस्तित्व ही होय. अक्षरसीमा केवळ साहाय्यक. 'उत्' मराठीत शब्द नाही. 'श्रेष्ठ'साठी तर खुद्द पाणिनीला 'प्रशस्य'च्या जागी 'श्र' आदेश सांगावा लागला (५.३.६०). 'ज्येष्ठ नागरिक' किंवा 'कनिष्ठ न्यायालय' यांत तमभाव कोण शोधतो?

मराठीची स्वतःची रीत पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. धाटाव-रोह्याच्या नित्य बोलण्यात तमभावाला प्रत्ययच लागत नाही. 'सगळ्यांत मोठा' हे वाक्यरचनेचे काम. तुलनेवाचूनचा अतिशय मात्र शब्दघटनेतून येतो, आणि अर्थाने तोच इटालियन 'इस्सिमो'ला जवळचा : हिरवागार डोंगर, हिरवीगार वाडी, हिरवेगार खाचर. येथे प्रकृती इतकी शाबूत आहे की लिंगवचनाचा विकार शब्दाच्या पोटात होतो. 'काळाकुट्ट' व 'काळीकुट्ट' यांचेही तेच. व्याकरणांनी 'तर-तम'च्या कोष्टकाशेजारी या शब्दांना जागा द्यावयास हवी.

राहिला 'श्रेष्ठतम'. शुक्ल यजुर्वेदाच्या आरंभीच तो आढळतो. त्याला अर्वाचीन प्रमाद म्हणणे इतिहासालाही सोडून आहे. 'सर्वश्रेष्ठतम' मात्र सदोषच, कारण तेथे 'सर्व' आणि 'तम' हे दोन्ही घटक मराठी कानाला उघड ऐकू येतात.