उबुदच्या वाड्यातून दिसलेले गाव

मॉस्कोत १८९५ साली जन्मलेला वाल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार १९२३ मध्ये जावात आला आणि १९२७ मध्ये बाली बेटावरील उबुदला स्थायिक झाला. त्याला आसरा दिला तो तिथल्या सुकावती राजघराण्याने. हा तपशील सहसा एका वाक्यात उरकला जातो. मला तोच मुळाचा वाटतो.

स्पीसची चित्रे सुंदर आहेत, हे आधी मान्य करू. पाठीमागून येणारा तिरपा उजेड, काळोखी झाडे, भातखाचरातून जनावर हाकणारा शेतकरी, त्याची लांबच लांब सावली. एकाच चित्रात एकावर एक रचलेली क्षितिजे. कष्टकरी माणूस त्याने चित्राबाहेर ठेवला नाही. पण त्या माणसाचे तोंड बहुधा दिसत नाही; उजेड पाठीमागून आहे ना!

हा शेतकरी कोण? बालीतही हिंदू वर्णव्यवस्था आहे. आपल्यासारखा अस्पृश्यांचा वेगळा वर्ग तिथे नाही, पण वरचे तीन वर्ण म्हणजे ‘त्रिवंश’, आणि उरलेले सुमारे ९० टक्के शूद्र. त्यांना म्हणतात ‘जाबा’, म्हणजे बाहेरचे, वाड्याबाहेरचे. गावकुसाबाहेर वाढलेल्या वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. डच सरकारने १९१० मध्ये ही उतरंड कायद्याने पक्की केली. वेठ जाबांच्या माथी आली, आणि वरच्या वर्णाच्या स्त्रीशी लग्न करणाऱ्या जाबाला हद्दपारी. ही बंदी उठली १९५१ मध्ये.

आणि हे जाबा मुके नव्हते. १९२५ मध्ये सिंगराजा येथे त्यांच्यातल्या शिकलेल्यांनी ‘सूर्य कांत’ ही संघटना व त्याच नावाचे मासिक काढले. माणसाची योग्यता जन्माने नव्हे, शिक्षणाने आणि शीलाने ठरते, असे ते मांडत होते. स्पीस उबुदला आला त्याच १९२७ साली इकडे महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

स्पीसकडून मी घोषणा मागत नाही. त्याला सत्तेचा माणूस म्हणणेही अन्यायाचे. १९४२ मध्ये तो डचांचा कैदी म्हणूनच बोटीसह बुडाला. माझी तक्रार त्याच्या चित्रांना ‘गावाचे निखळ सौंदर्य’ म्हणणाऱ्यांशी आहे. ते सौंदर्य वाड्याच्या आश्रयाने राहणाऱ्याच्या नजरेतले आहे. आपले प्राध्यापक वर्गात ही चित्रे दाखवतील, तेव्हा ‘सूर्य कांत’चे नाव त्याच तासाला निघायला हवे.