पाठीवरचे स्वार

व्यंगचित्राला आपल्याकडची प्रस्थापित समीक्षा कलेच्या ओसरीपर्यंतच येऊ देते. त्यात प्रचार असतो, ते प्रसंगापुरते असते, त्याला चिरंतन मूल्य नसते, असे तिचे म्हणणे. दलित कवितेविषयी हीच वाक्ये ऐकून आपले कान किटले आहेत. म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या, बहुतेक निनावी राहिलेल्या काही चित्रांकडे मी मुद्दाम वळतो. मी इतिहास शिकवतो, चित्रकलेचा जाणकार नाही. पण ही चित्रे जाणकारांसाठी काढलेलीच नव्हती.

१७८९ सालचे एक चित्र पाहा. कुदळीवर भार देऊन एक म्हातारा शेतकरी वाकून उभा आहे. त्याच्या पाठीवर दोघे बसले आहेत, एक धर्मगुरू आणि एक सरदार. सरदाराच्या तलवारीला रक्त लागले आहे. खाली मथळा आहे तो शेतकऱ्याच्या अडाणी बोलीत. हा खेळ लवकर संपेल अशी आशा करू या, एवढाच त्याचा अर्थ. आक्रोश नाही, घोषणाही नाही. पाठ मोडत असताना हा म्हातारा त्याला खेळ म्हणतो. या एका शब्दातला उपरोध मला पानभर शिव्यांपेक्षा जड वाटतो.

पण चित्राचा खरा जीव त्याच्या पायाशी आहे. तिथे ससे पाला खात आहेत, पाखरे दाणे टिपत आहेत. वर्गात हे चित्र दाखवले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा त्यांना हाकलत का नाही?" शेतावर मजुरीला जाणाऱ्या घरातला मुलगा होता. मलाही अनेक पुस्तके चाळूनच उत्तर सापडले होते. प्रश्न मात्र त्याला पाहता क्षणीच सुचला. शिकारीचा हक्क सरदारांचा होता. कबुतरखानेही त्यांचेच. पीक शेतकऱ्याचे, पण ते खाणाऱ्या सशाला मारणे हा गुन्हा. ऑगस्ट १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केले, त्यांत शिकारीचा आणि कबुतरखान्याचा हक्कही होता. म्हणजे ज्याला कोणी कोपऱ्यातली सजावट म्हणेल, ते शोषणाच्या कायद्याचे एक कलम होते. त्याच काळातल्या दुसऱ्या एका चित्रात माणूस दगडाखाली चिरडला आहे, दगडावर सरदार आणि धर्मगुरू उभे आहेत, आणि दगडावर करांसोबत जो शब्द कोरला आहे त्याला आपल्याकडे वेठ म्हणतात. हा शब्द मला वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

या चित्रांची ताकद प्रथम ओळखली ती त्यांच्या शत्रूने. बोयर द नीम हा राजनिष्ठ पत्रकार. त्याने १७९२ मध्ये या व्यंगचित्रांचा इतिहास लिहायला घेतला. लोकमताचा पारा या चित्रांत दिसतो, हे त्याने ओळखले. १७९४ मध्ये त्याला गिलोटिनखाली मारले. त्याचा पक्ष माझा नव्हे, पण व्यंगचित्राला किरकोळ समजण्याची चूक त्याने केली नाही.

आता त्या पहिल्या चित्राची जोड पाहा. तीही १७८९ चीच. सगळे उलटे झाले आहे: शेतकरी वर, सरदार खाली, धर्मगुरू सोबत चालतो आहे, आणि ससा मेलेला. आपली पाळी येणार हे ठाऊकच होते, असे शेतकरी म्हणतो. याची बायकांची आवृत्तीही निघाली; तिच्यात तान्हे मूल अंगाशी धरलेली शेतकरीण कुलीन बाईच्या पाठीवर बसली आहे. हे चित्र पाहून हसू येते, आणि यावेच. शतकानुशतके वाकलेल्या माणसाने एकदा ताठ बसावे याचा आनंद मी नाकारणार नाही.

तरी माझी तक्रार आहे. स्वार बदलला, स्वारी तशीच राहिली. शिवाय ते खोटेही आहे. तिसऱ्या वर्गाच्या नावाने व्हर्सायला जे प्रतिनिधी बसले त्यांत वकील आणि सरकारी अधिकारी भरपूर. कुदळ धरणारे जवळपास नव्हतेच. १७९१ च्या संविधानाने तीन दिवसांच्या मजुरीइतका कर न भरणाऱ्याला आणि घरगड्याला मत दिले नाही. बायकांना तर नाहीच. चित्रात पाळी म्हाताऱ्याची आली, सभागृहात वकिलाची. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' मध्ये बाबासाहेबांनी नोंदले आहे की या क्रांतीला समता निर्माण करता आली नाही. त्यांचे ते वाक्य मला या दुसऱ्या चित्रासमोर नेहमी आठवते. त्यात बंधुता बसायला जागाच नाही.

पुढची चित्रे मला तितकी धरून ठेवत नाहीत. लंडनचा गिलरे हाताने या सगळ्यांपेक्षा सरस. पण १७९२ मध्ये त्याने पॅरिसचे गरीब माणसांचे मांस खाताना रंगवले, आणि १७९७ पासून तो सरकारी पेन्शन घेत होता. इकडे क्रांतीच्या सरकारने दावीदसारख्या मोठ्या चित्रकाराला इंग्रजांविरुद्ध व्यंगचित्रे काढायला लावली. ती १७९४ मध्ये आली आणि शी-मुताच्या विनोदावर थांबली. सत्तेने मागवलेले हसू दोन्हीकडे खालच्याकडे किंवा परक्याकडे वळले, हे नोंदवून पुढे जातो.

कारण मला राहून राहून दुसरीच एक पाठ दिसते. फ्रान्सच्या सेंट डोमिंग वसाहतीत १७८९ मध्ये साडेचार-पाच लाख काळे गुलाम ऊस आणि कॉफी पिकवत होते. त्या पिकाच्या व्यापारावर श्रीमंत झालेले बंदरांतले व्यापारी तिसऱ्या वर्गातच मोडत. पण त्या म्हाताऱ्याच्या चित्रात ते गुलाम नाहीत; त्याच्या पायाखालीही नाहीत. ऑगस्ट १७९१ मध्ये ते स्वतः उठले. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसला गुलामगिरी रद्द करावी लागली, १८०२ मध्ये नेपोलियनने ती पुन्हा आणायचा घाट घातला, आणि १८०४ च्या पहिल्या दिवशी हैती स्वतंत्र झाला. यातले काहीही ते कोणाच्या पाठीवर बसायची पाळी मागून करत नव्हते.