शब्दांचा कीस

क्षुल्लक तपशिलात गुंतणाऱ्यास इंग्रजीने जी नावे ठेविली आहेत, त्यांवर एकेका पेशाचा शिक्का आहे. ‘पेडंट’ हा मूळचा इटालियन शाळामास्तर. ‘क्विबल’चा उगम लॅटिन दस्तऐवजांत वारंवार येणाऱ्या ‘क्विबस’ या शब्दात असावा, असे कोशकार मानतात. म्हणजे तो आम्हा वकिलांच्या वाट्याचा.

मराठीने माणसाला वगळून त्याच्या श्रमाला नाव दिले: कीस पाडणे, काथ्याकूट, घटपटाची खटपट. श्रम फुकट गेले, हा या सर्वांचा आरोप. परंतु कोकणात नारळाची सोडणे कुजवून कुटतात, त्या कुटण्यातूनच दोर निघतो. मग काथ्याकूट निरर्थक कशी?

आमच्या मते तपशील लहान म्हणून क्षुल्लक ठरत नाही. त्यावर काय अवलंबून आहे, ते पाहावे. पूर्वी एका घराविषयीही ‘घरांत’ असे अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी तो अनुच्चारित अनुस्वार गेला. आता ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. जुन्या ग्रंथातील असे अनुस्वार मोजीत बसणारा परीक्षक खुशाल ‘पेडंट’ म्हणविला जावो. पण आजच्या वाटणीपत्रात ‘घरात हिस्सा’ आणि ‘घरांत हिस्सा’ यांत एका टिंबाने मिळकत बदलते. तेथे टिंबासाठी भांडणारा कीस पाडीत नाही, आपले कर्तव्य करतो.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ प्रसिद्ध झाला. कारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी आदी भाषांतील प्रतिशब्द त्यात दिले आहेत. एकेका शब्दाचा तो खल वरवर काथ्याकूटच दिसेल. पण सरकारी हुकूम प्रजेस तिच्या भाषेत कळावा, तर असा खल कोणीतरी घालावाच लागतो.

१९५७ साली पार्किन्सन यांनी रंगविलेली समिती अणुभट्टीचा खर्च दोन-अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालते. कारण छप्पर सर्वांना समजते. तेथे दोष बारकाईचा नव्हे, तिच्या जागेचा. आपल्याकडील सभांतही छपरावरचा वाद निमूट चालू देतात. अणुभट्टीचा हिशेब विचारणाऱ्यास मात्र ‘उगाच कीस पाडू नका’ म्हणून खाली बसवितात. या शब्दांचा खरा गैरवापर तो, आणि त्याला नाव मात्र ना इंग्रजीने दिले, ना मराठीने.