अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय शासन (१७८१–१७८९) : दुर्बलतेची चिकित्सा

अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासाच्या अभ्यासात १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेकडे जितके लक्ष दिले जाते, तितके तिच्या आधीच्या शासनव्यवस्थेकडे दिले जात नाही. 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' या नावाने ओळखला जाणारा तेरा कलमांचा परिसंघाचा करार कॉन्टिनेन्टल काँग्रेसने १५ नोव्हेंबर १७७७ रोजी संमत केला. मेरीलँडने सर्वांत शेवटी मान्यता दिल्यानंतर १ मार्च १७८१ रोजी तो अमलात आला. या करारावर उभे राहिलेले शासन जेमतेम आठ वर्षे टिकले. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याची ओळख होते ती बहुधा दोषांच्या यादीतून : कर बसविण्याचा अधिकार नाही, व्यापाराचे नियमन करता येत नाही, कार्यकारी प्रमुख नाही, न्यायमंडळ नाही, करारात दुरुस्ती करावयाची तर तेराही राज्यांचे एकमत हवे. यादी खरीच आहे. मात्र ती पाठ करून परीक्षेतील उत्तर लिहिता आले, तरी त्या शासनाचे नेमके काय बिघडले होते हे तिच्यातून उमगत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कागदावर पाहिले तर हे शासन फारसे दुबळे नव्हते. युद्ध आणि तह करणे, परराष्ट्रांत वकील पाठविणे, कर्ज उभारणे, चलन काढणे, टपालव्यवस्था चालविणे, राज्याराज्यांतील सीमातंटे मिटविणे हे सर्व अधिकार काँग्रेसकडे होते. उणीव निराळ्या ठिकाणी होती. दुसऱ्या कलमाने प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व राखून ठेवल्यामुळे काँग्रेसचा ठराव राज्याच्या विधिमंडळाच्या दारापर्यंत जाई आणि तेथेच थांबे. नागरिकापर्यंत तो पोहोचत नसे. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी 'फेडरलिस्ट'च्या पंधराव्या लेखात नेमके यावरच बोट ठेवले आहे. व्यक्तींऐवजी राज्यांना उद्देशून कायदे करणे हा त्यांच्या मते या व्यवस्थेचा मूळ दोष होता. यादीतील बाकीचे बहुतेक दोष या एका खोडाला फुटलेल्या फांद्या आहेत.

पैशाच्या बाबतीत हे सर्वांत उघडपणे दिसते. आठव्या कलमानुसार समाईक खर्चाचा वाटा राज्यांनी आपापल्या जमिनीच्या मूल्याच्या प्रमाणात भरावयाचा होता. पण कर बसविणे व वसूल करणे राज्यांच्या हाती होते. काँग्रेसने मागणी करावी, राज्यांनी जमेल तेवढे द्यावे किंवा देऊ नये. कागदी चलनाची पत आधीच संपली होती. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच जुन्या चाळीस डॉलरांची किंमत एक डॉलर ठरविली होती. पुढे आयातीवर पाच टक्के कर बसविण्याची दुरुस्ती १७८१ मध्ये मांडली गेली आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार देताच ती बारगळली. सुधारून मांडलेली १७८३ ची योजना न्यूयॉर्कच्या अटींमुळे अडली. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला. पेनसिल्व्हेनियाच्या शासनाने आपली पलटण बोलावण्यास टाळाटाळ केली, तेव्हा राष्ट्राच्या या सर्वोच्च सभेला गाशा गुंडाळून प्रिन्सटनला जावे लागले.

तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते या शासनाची खरी कसोटी तिजोरीत नव्हती, ती पॅरिसच्या तहात होती. ३ सप्टेंबर १७८३ रोजी झालेल्या या तहाने अमेरिकेचे स्वातंत्र्य ब्रिटनने मान्य केले. एवढ्या मोलाच्या कागदावर मान्यतेची मोहोर उमटविण्यासाठी आवश्यक अशी नऊ राज्यांची उपस्थिती ॲनापोलिस येथे जमता जमेना. अखेर १४ जानेवारी १७८४ रोजी ती जमली. हाल पुढेच होते. युद्धपूर्व कर्जांच्या वसुलीत ब्रिटिश सावकारांना कायद्याचा अडथळा होणार नाही, असे चौथ्या कलमात म्हटले होते. राजनिष्ठांच्या जप्त मालमत्तेबाबत पाचव्या कलमाने काँग्रेसवर फक्त राज्यांना कळकळीची शिफारस करण्याचे बंधन घातले. म्हणजे काँग्रेसच्या मर्यादा तहाच्या मसुद्यातच उतरल्या होत्या. अनेक राज्यांनी दोन्ही बाबी धाब्यावर बसविल्या. ब्रिटननेही डेट्रॉइट, नायगारा, ऑस्वेगो ही ठाणी सोडली नाहीत आणि त्यासाठी राज्यांच्या तहभंगाकडे बोट दाखविले. परराष्ट्र सचिव जॉन जे यांनी ऑक्टोबर १७८६ च्या अहवालात काँग्रेसला जे सांगितले ते कडू होते : तहभंगाचा दोष आपल्या राज्यांकडेही जातो. यावर काँग्रेस काय करू शकली? विसंगत कायदे रद्द करावेत, अशी राज्यांना विनंती. शब्द देण्याचा अधिकार एकाकडे आणि तो पाळण्याचे सामर्थ्य तेरांकडे, अशी ही रचना होती. लंडनमध्ये वकील म्हणून गेलेल्या जॉन ॲडम्स यांना व्यापारी करार मिळाला नाही, यात नवल ते काय!

मॅसॅच्युसेट्समधील १७८६–८७ चा शेतकऱ्यांचा उठाव, ज्याला डॅनियल शेज यांचे नाव मिळाले, हा केंद्राच्या दुबळेपणाचा ठळक पुरावा म्हणून नेहमी दिला जातो. स्प्रिंगफील्डचे शस्त्रागार काँग्रेसच्या ताब्यातले; ते वाचविले मात्र राज्याच्या फौजेने, आणि जनरल लिंकन यांच्या पलटणीचा खर्च उचलला बॉस्टनच्या धनिकांनी. एवढे खरेच. पण ज्यामुळे शेतकरी पेटले तो करांचा बोजा राज्याचा होता, आणि त्यातून भागवावयाचे होते ते युद्धकाळातील कर्ज. मूळ सैनिकांना मिळालेले रोखे एव्हाना मोठ्या प्रमाणावर सट्टेवाल्यांच्या हाती गेले होते. सबळ केंद्राची मागणी करणाऱ्यांत असे धनकोही होते, ही बाब नजरेआड करता येत नाही.

याच मुद्द्यावरून इतिहासकारांचा वाद उभा राहिला. जॉन फिस्क यांनी १८८८ च्या ग्रंथात या कालखंडास राष्ट्राच्या जीवनमरणाचा काळ ठरविले. मेरिल जेन्सन यांनी १९५० मध्ये 'द न्यू नेशन' या ग्रंथात त्या चित्राला हरकत घेतली. जेन्सन यांची हरकत ग्राह्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष थोडा वेगळा आहे. जेथे काँग्रेसला राज्यांच्या मध्यस्थीची गरज नव्हती तेथे ती कर्तबगार ठरली. व्हर्जिनिया आदी राज्यांनी सोडलेल्या पश्चिमेकडील प्रदेशात काँग्रेस थेट मालक होती. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने तेथे सहा मैल लांबीरुंदीच्या चौरस वसाहती आखल्या आणि प्रत्येकीतील एक भाग शाळेसाठी राखला. १३ जुलै १७८७ च्या वायव्य अध्यादेशाने साठ हजार वस्ती झाल्यावर नव्या प्रदेशाला जुन्या राज्यांच्या बरोबरीने प्रवेश दिला आणि गुलामगिरीस बंदी केली. हे करण्याचा स्पष्ट अधिकार करारात नव्हताच, हे जेम्स मॅडिसन यांनी नंतर निदर्शनास आणले. या यशाची किंमत मूलनिवासी जमातींनी मोजली. त्यांच्याशी सद्भावाने वागण्याचे वचन ज्या अध्यादेशात आहे, त्यानेच त्यांच्या भूमीत वसाहतींची व्यवस्था लावून दिली. केंद्र सबळ झाले की न्याय आपोआप होतो, हा समज येथे टिकत नाही.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका नाही. १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय होते. फाळणी निश्चित झाल्यावर घटना समितीने ती वाट सोडली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट केले, की भारतीय संघ हा घटकांमधील करारातून निर्माण झालेला नाही आणि म्हणून कोणत्याही घटकाला फुटून निघण्याचा अधिकार नाही. हे ठरविण्यासाठी अमेरिकनांना यादवी युद्ध करावे लागले, याची आठवणही त्यांनी त्याच वेळी दिली.

तेराव्या कलमाची गोष्ट मात्र अजून उरते. ज्या शासनाला आपली चूक सुधारण्यासाठी सर्वांचे एकमत लागते, त्याला चूक दिसून उपयोग नसतो. सप्टेंबर १७८६ मध्ये ॲनापोलिसला पाचच राज्यांचे प्रतिनिधी जमले. फिलाडेल्फियाला ऱ्होड आयलंडने प्रतिनिधी पाठविलेच नाहीत. तेव्हा नव्या घटनेच्या कर्त्यांनी एकमताची अट बाजूला सारून नऊ राज्यांची मान्यता पुरेशी ठरविली. जुन्या कराराच्या दृष्टीने हे सरळसरळ बेकायदा होते, आणि त्यांना त्याची जाणीव होती. जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर हे नववे राज्य मिळाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरनंतर जुन्या काँग्रेसला गणसंख्याही जमविता आली नाही. ऱ्होड आयलंडने नवी घटना स्वीकारली ती २९ मे १७९० रोजी, जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेऊन वर्ष उलटल्यावर.