लोप, अध्याहार आणि विस्तार : चित्रपटांच्या दिग्दर्शकीय आवृत्त्यांचा विचार

एखादा चित्रपट चित्रगृहांत ज्या रूपाने प्रथम दाखविला गेला, त्याहून लांब असे त्याचे दुसरे रूप काही वर्षांनी दिग्दर्शकाच्या नावाने प्रसिद्ध होते, आणि हेच त्या कृतीचे खरे रूप होय असे प्रेक्षकास सांगितले जाते. ‘डायरेक्टर्स कट’ या नावाने रूढ झालेल्या या प्रघाताविषयी दोन मते आढळतात. कलावंताचा मूळ हेतू व्यापाऱ्याच्या व परिनिरीक्षकाच्या कात्रीने खंडित झालेला असतो, म्हणून विस्तृत आवृत्ती श्रेष्ठ, असे एक पक्ष मानतो. संयम हाच कलेचा प्राण असल्यामुळे जे एकदा गाळले गेले ते गाळलेलेच बरे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्षांचे एक गृहीत मात्र समान आहे. कृतीची लांबी हाच गुण किंवा दोष, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीत कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१

या प्रश्नाच्या विचारास भाषेतील एका परिचित व्यवहाराचे साहाय्य होण्यासारखे आहे. ‘कुठे निघालात?’ या प्रश्नास ‘मालवणास’ एवढेच उत्तर पुरेसे होते. ‘मी मालवणास निघालो आहे’ असे पूर्ण वाक्य उच्चारल्याने अर्थात काही भर पडत नाही. गाळलेली पदे श्रोत्याने अध्याहृत धरलेलीच असतात. उलट, कोणताही संदर्भ नसताना ‘रामाने पुस्तक’ एवढेच कोणी म्हटले, तर श्रोता क्रियापदाची वाट पाहत राहतो. पुस्तक घेतले, दिले की फाडले, हे त्यास कळत नाही. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी अशा तीन अटी सांगितल्या. पदांना एकमेकांची अपेक्षा असली पाहिजे, त्यांचे अर्थ परस्परांशी जुळले पाहिजेत, आणि ती एकमेकांच्या निकट आली पाहिजेत. साहित्यशास्त्राने तर न्यूनपदत्व आणि अधिकपदत्व या दोहोंची गणना दोषांतच केली आहे. अर्थात शब्दांची संख्या ही कसोटी नव्हे. गाळलेल्या पदाची आकांक्षा उरलेल्या वाक्यात अतृप्त राहते की नाही, ही कसोटी होय. चित्रपटाच्या आवृत्त्यांस तीच लावून पाहता येते.

२

‘शोले’ हा चित्रपट या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. रमेश सिप्पी यांचा हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे आणीबाणीच्या काळात, प्रदर्शित झाला. सलीम-जावेद यांच्या कथेनुसार शेवटी ठाकूर आपल्या खिळे ठोकलेल्या बुटांखाली गब्बरसिंगास ठार करतो. परिनिरीक्षणाच्या आक्षेपामुळे हा शेवट बदलला गेला आणि ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात, असे नवे दृश्य जोडण्यात आले. पुढे मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने पुनरुज्जीवित केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली. तीत मूळ शेवट परत आला.

हा परत आलेला शेवट कृतीस उपकारक आहे, आणि त्याचे कारण कथेच्या घडणीतच सापडते. ठाकूरचे दोन्ही हात गब्बरने तोडले आहेत. त्यास गब्बर जिवंत हवा आहे. जयने तसे वचन दिलेले आहे, आणि वीरू गब्बरला मारावयास निघतो तेव्हा ठाकूर त्यास त्याच वचनाची आठवण देतो. हात नसलेल्या माणसाने पायांनी सूड घ्यावा, याची सारी तयारी चित्रपटाने आधीच करून ठेवलेली आहे. एवढी आकांक्षा जागवून शेवटी कायद्याचा उपदेश ऐकविणे, म्हणजे वाक्य क्रियापदापर्यंत आणून तेथे दुसऱ्याच वाक्याचे क्रियापद बसविणे होय. शिवाय मूळ शेवटात सूड पुरा होताच ठाकूर कोसळून रडतो. सूडाने काहीच हाती आले नाही, हा अर्थ त्या रडण्यात आहे. अटकेच्या शेवटात तो हरवतो.

परंतु याच चित्रपटात दुसरे एक उदाहरण आहे आणि ते उलट दिशेने साक्ष देते. इमामसाहेबांचा मुलगा अहमद (ही भूमिका सचिन पिळगांवकर यांनी केली) डाकूंच्या हाती सापडतो. त्याच्या हत्येचे दृश्य चित्रित झाले होते, पण प्रदर्शित आवृत्तीत ते गाळले गेले. तेथे गब्बर आपल्या हातावर चालणारी मुंगी चिरडतो, आणि नंतर प्रेत घेऊन आलेला घोडा गावात शिरतो. मधला भाग प्रेक्षक स्वतः भरतो. गब्बरच्या लेखी माणसाची किंमत मुंगीएवढी, हा अर्थ हत्या दाखवून जितका कळला असता त्याहून अधिक तीव्रतेने ती न दाखवता कळतो. त्यामुळेच पुढे गावातील शांततेवरून अंध इमामास काहीतरी घडल्याची चाहूल लागते, तेव्हा प्रेक्षकही त्याच अंधारातून आलेला असतो. हा लोप खऱ्या अर्थाने अध्याहार आहे. गाळलेले दृश्य येथे परत बसविणे म्हणजे ‘मालवणास’ या उत्तराचे पूर्ण वाक्य करणे होय.

एकाच चित्रपटातील एक लोप कृतीस मारक ठरतो आणि दुसरा पोषक. तेव्हा ‘विस्तृत आवृत्ती चांगली की वाईट?’ हा प्रश्नच नीट मांडलेला नाही, असे म्हणावे लागते. निर्णय प्रत्येक लोपाचा स्वतंत्रपणे करावयास हवा.

३

परकीय चित्रपटांची साक्ष हेच सांगते. रिडली स्कॉट यांच्या ‘किंगडम ऑफ हेवन’ (२००५) या चित्रपटाची प्रदर्शित आवृत्ती १४४ मिनिटांची, तर दिग्दर्शकीय आवृत्ती सुमारे १९४ मिनिटांची आहे. पहिलीत राणी सिबिला हिच्या लहान मुलाचे उपकथानक पूर्णपणे गाळलेले होते. त्यामुळे तिच्या वागण्यातील बदल निष्कारण वाटत असे. ते कारण परत आले आणि व्यक्तिरेखा उभी राहिली. याच्या उलट फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या चित्रपटाची ‘रेडक्स’ ही आवृत्ती २००१ मध्ये सुमारे ४९ मिनिटांनी वाढविण्यात आली. तीत फ्रेंच मळेवाल्यांचा दीर्घ प्रसंग आला. तो स्वतंत्रपणे वेधक असला, तरी नदीच्या उगमाकडे अखंड चाललेल्या प्रवासाची संनिधी त्याने तुटते. २०१९ मध्ये कोपोलांनी तिसरी आवृत्ती सिद्ध केली, आणि ती ‘रेडक्स’हून लहान आहे. दिग्दर्शकाचा हेतू ही एकच स्थिर वस्तू नसते, हे यावरून स्पष्ट होते. स्कॉट यांच्याच ‘ब्लेड रनर’ (१९८२) या चित्रपटाची १९९२ ची दिग्दर्शकीय आवृत्ती तर मुख्यतः वजाबाकीने घडली. निर्मात्यांच्या आग्रहाने घातलेले निवेदन आणि गोड शेवट तीतून काढून टाकण्यात आले. तेथील दोष अधिकपदत्वाचा होता.

४

लांबीच्या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. ती म्हणजे पाहण्याचा प्रसंग. दक्षिण कोकणातील दशावतारी नाटक येथे विचारात घेण्यासारखे आहे. कुडाळ तालुक्यातील कसाल येथे मुंबई-गोवा महामार्गास मालवणचा रस्ता फुटतो. त्या परिसरात कार्तिकापासून पुढे गावोगाव जत्रा भरतात आणि देवळापुढे दशावतारी खेळ रात्रभर चालतो. आधी गणपती, सरस्वती, शंखासूर इत्यादींचा पूर्वरंग, मग पौराणिक आख्यान, आणि पहाटे दहीकाला असा त्याचा क्रम असतो. हाच खेळ स्पर्धेच्या किंवा नाट्यगृहाच्या मंचावर दोन-तीन तासांत बसवावयाचा, तर आख्यान तेवढे उरते आणि पूर्वरंग आखडतो किंवा गळतो. कथा समजण्यास त्याने बाधा येत नाही. त्या अर्थाने आकांक्षा तृप्तच असते. तथापि मालवणी बोलीत थट्टा करणारा शंखासूर नाहीसा झाला की देव आणि गाव यांना एका अंगणात आणणारा दुवाही नाहीसा होतो. रात्रभराच्या खेळाची लांबी ही कथेची गरज नसून जत्रेची गरज आहे. जत्रेबाहेर ती लांबी ओझे होते, आणि जत्रेत तिचा संक्षेप उपरा वाटतो.

चित्रपटाचेही असेच आहे. चित्रगृहातील खेळांच्या ठरलेल्या वेळा आणि वितरकाचा हिशेब यांनी पहिल्या आवृत्तीचे माप ठरते. घरी बसून, हवे तेथे थांबवून पाहता येण्याची सोय झाली तेव्हा विस्तृत आवृत्तीला आपला प्रसंग लाभला. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा’ त्रिनाट्य चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ मध्ये सलग नऊ तास सादर केले, तेव्हाही प्रेक्षक त्या लांबीसाठीच जमलेला होता. दोन प्रसंगांसाठी घडलेल्या दोन रूपांत एक खरे व दुसरे खोटे असा निवाडा देणे युक्त नव्हे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. गुणदोषांचा विचार काहीही असो, कर्त्याचे मूळ रूप तेच प्रमाण मानावयास नको काय? याचे उत्तर मराठी अभ्यासकास आपल्याच परंपरेत मिळते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती मूळ पाठाच्या शोधासाठीच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली आणि १९६६ मध्ये संहितेपुरती पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्तीही त्याच शोधाचे फळ आहे. सभापर्वात द्रौपदीने श्रीकृष्णाचा केलेला धावा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. परंतु कृष्णावाचून वस्त्रहरण कोकणातील कोणत्या जत्रेत चालेल? प्राचीन पाठ आणि लोकमान्य पाठ यांचे अधिकार भिन्न आहेत. ‘शोले’चा अटकेचा शेवट सदोष असला, तरी पन्नास वर्षे प्रेक्षकांच्या पिढ्यांनी तोच पाहिला. तो इतिहासाचा भाग झाला आहे आणि आणीबाणीतील परिनिरीक्षणाचा पुरावाही आहे.

भांडारकर मंदिराच्या संपादकांनी वगळलेले श्लोक नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत जपले, कोणत्या पोथीत काय आहे ते नोंदविले, आणि वाचकास निर्णयाचे साधन दिले. चित्रपटांच्या बाबतीत नवी आवृत्ती बहुधा जुनीची जागा घेते, आणि जुनी हळूहळू दुर्मीळ होते. या हानीची कल्पना आपणांस आरंभापासून असावयास हवी होती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१७ मध्ये तीच कथा पुन्हा चित्रित केली, आणि आज उपलब्ध असलेली रिळे त्यांपैकी कोणत्या चित्रपटाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पाठाची ही स्थिती आहे.

सारांश, विस्ताराने कृती सुधारते ती जेथे लोपामुळे आकांक्षा अतृप्त राहिली होती तेथेच. जेथे प्रेक्षक अध्याहार करीत होता तेथे विस्ताराने ती बिघडते. लोप कोणी केला, परिनिरीक्षकाने की संकलकाने, यावरून हा निर्णय होत नाही. तो करण्यासाठी दोन्ही पाठ समोर असणे आवश्यक आहे. म्हणून चित्रपटावर लिहिणाऱ्याने आपण कोणत्या वर्षाची, किती मिनिटांची आवृत्ती पाहिली हे प्रथम सांगावे, आणि संग्राहकाने नवी आवृत्ती स्वीकारताना जुनी टाकून देऊ नये. पाठच उरला नाही, तर त्यावरील टीकेला विषय उरत नाही.